मालकांनीच चालवायची रिसॉर्ट-वसाहत : क्लबहाउस बाहेरच्या लग्नांना द्यायचं का?

सेक्रेटरी_नाइलाजाने

नमस्कार मंडळी. बेळगावहून गोव्याकडे जाताना जांबोटीच्या अलीकडे, मुख्य रस्त्यावरून दोनेक किलोमीटर आत आमची वसाहत आहे. बिल्डरने 'रिसॉर्ट' म्हणून विकली. क्लबहाउस, पोहण्याचा तलाव, हिरवळ, दगडी कमान, सगळं माहितीपत्रकात होतं आणि खरंच बांधूनही दिलं. मग तो गेला. आता आम्ही मालकच ती चालवतो, म्हणजे चालते तेव्हा चालवतो. प्लॉट 64, बांधलेली घरं 31, आणि बारा महिने दिवा लागतो अशी घरं नऊ.

मालकांचा नोंदणीकृत संघ आहे. गेल्या वर्षी सभेत मी चहा कुठवर आलाय बघायला बाहेर गेलो, परत आलो तर सेक्रेटरी झालो होतो. दर महिन्याला सभासदांना बातम्यांचं पत्रक धाडायचं हे माझ्याकडे आलं. जुलैच्या पत्रकाचा नमुना देतो : टीसी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळाला, चार दिवस अंधार. क्लबहाउसमागचं कुंपण गव्यांनी पुन्हा पाडलं. तलावात शेवाळ, ऑक्टोबरपर्यंत बंद. वॉचमन दोन मंगळवार न सांगता गैरहजर. 19 प्लॉटची वर्गणी दोन वर्षांची बाकी.

पैसे नाहीत हे खरं आहे. आतला रस्ता दोन पावसाळ्यांत धुऊन गेलाय, जनरेटरला डिझेल लागतं. म्हणून कार्यकारिणीत प्रस्ताव आलाय की क्लबहाउस आणि हिरवळ बाहेरच्या लग्नांना, कंपन्यांच्या सहलींना भाड्याने द्यायची. चोर्ला रस्त्यावर हल्ली त्याला गिऱ्हाईक भरपूर आहे. सभा दिवाळीनंतर. तुमच्याकडे अशा वसाहती असतील तर काय करता ते सांगा. मी स्वतः अजून कुंपणावर आहे (जे पडलंय).

कुंदा_आणि_मांडे

बातम्यांत गव्यांची बाजू घेतलेली दिसत नाही. जागा आधी त्यांची होती.

टिळकवाडीकर

आमच्या ओळखीत हिडकल धरणाच्या बाजूला असंच एक आहे. त्यांनी भाड्याने दिलं. पहिल्या वर्षी रस्ता झाला. दुसऱ्या वर्षी रस्ता पाण्याच्या टँकरनी उखडला. हिशोब बरोबरीत सुटला म्हणायचा.

पुण्यातला_बेळगावी

माझा अशाच एका वसाहतीत प्लॉट आहे, खानापूरकडे. सरळ बोलतो. वर्षाला वर्गणी भरतो ती तिथे कायम राहणाऱ्यांइतकीच, आणि येतो वर्षाकाठी वीस दिवस. तलाव बंद, लाइट नाही, कार्यक्रम म्हणाल तर शून्य. मग पैसे मिळायचा मार्ग असेल तर तो का अडवायचा? तिथे राहणारे लोक आपल्याला वसाहतीचे मालक समजतात. मालक आम्ही सगळे प्लॉटवाले आहोत.

मलप्रभाकाठ

पुण्यातले बेळगावी, मी त्या नऊसारख्याच एका घरात राहतो. वसाहत दुसरी, पण दुखणं तेच. बँकेतून निवृत्त झालो आणि बायकोच्या दम्याला शहरातली धूळ सोसेना म्हणून इकडे आलो. आता लग्नाचा अनुभव ऐका.

मागल्या मे महिन्यात आमच्या एका सभासदाने 'भाच्याचं लग्न' म्हणून क्लबहाउस घेतलं. भाचा कोणाचा ते अजून कळलेलं नाही. साडेतीनशे माणूस आलं. आमच्या बोअरला मे महिन्यात जेमतेम तासभर पाणी येतं, ते सकाळी नऊलाच संपलं. मग पाच टँकर आले. सेप्टिक टँक आमच्या घरांपुरत्या हिशोबाने बांधलेला, तो दुपारी भरून वाहायला लागला, आणि उतार कुठे आहे ते ज्यांनी जागा बघितलीय त्यांना माहीत आहे : ओढ्याकडे. तो ओढा मलप्रभेला मिळतो. कणकुंबीला उगम पावलेली नदी अजून पुरती नदीसुद्धा झालेली नाही तोवर आपण तिच्यात हे सोडलं. पुढे हेच पाणी सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात जातं आणि हुबळी-धारवाडची माणसं पितात.

डीजे रात्री एकपर्यंत. दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद हा नियम 2000 सालापासून आहे, तो मी जाऊन सांगितला. एका पोराने मला 'अंकल, चिल' म्हटलं. सकाळी ओढ्यात थर्माकोलच्या ताटल्या अडकल्या होत्या, त्या मी आणि शेजारच्या वहिनींनी बांबूने ओढून काढल्या. भाडं किती आलं? आलंच नाही. सभासदाचा घरगुती कार्यक्रम होता ना.

तेव्हा तुमच्या वीस दिवसांत हे एक दिवस धरा आणि मग मत द्या.

पुण्यातला_बेळगावी

काका, ते लग्न फुकट दिलं हीच चूक होती. नीट भाडं, नीट डिपॉझिट, नीट नियम असते तर हे झालं नसतं.

मलप्रभाकाठ

नियम पाळून कोण घेणार? आणि रात्री दहाला डीजे बंद करायला तुम्ही पुण्याहून येणार?

आठवा_मैल

मी वसाहतीतला न्हवं. शेजारच्या गावातला हाय, म्हणजे तुमच्या भाषेत 'लोकल'. लई दिवस नुसतं वाचतोय, आज र्‍हावलं नाही.

सेक्रेटरीसाहेब, वॉचमन दोन मंगळवार आला नाही म्हणून पत्रकात छापलासा. त्येला विचारलासा काय, का आला नाही ते? गावात वार धरलेत. वार म्हंजे त्या दिवशी आऊत जुपायचं नाही, शेतात पाय ठेवायचा नाही, गावची माणसं कामाला शिव ओलांडत नाहीत. लक्ष्मीची यात्रा आली की वार पाळतात, आषाढातबी पाळतात. आमच्या आज्ज्यापास्नं चाललंय. वॉचमन त्याच गावचा. तुमच्याकडं आला असता तर पंचांनी दंड केला असता. आणि त्याच मंगळवारी तुमच्यातल्या एकानं जेसीबी लावून चर खणुलालता. गाव काय बोललं न्हाई, पण बघितलं सगळ्यांनी.

सेक्रेटरी_नाइलाजाने

@आठवा_मैल, खरंच माहीत नव्हतं. मी अनगोळचा, आमच्याकडेही लक्ष्मी यात्रेत वार पाळायचे, आईकडून ऐकलंय, पण वसाहतीत राहायला आल्यावर ते डोक्यातून गेलं. त्याला मी विचारलं होतं, तो 'जमलं नाही साहेब' एवढंच म्हणाला. ऑगस्टच्या पत्रकात दुरुस्ती टाकतो. वारांची यादी कोणाकडे मिळेल?

आठवा_मैल

यादी कसली. देवळात गाऱ्हाणं घालतात तवा सांगतात. मी कळवत जाईन.

कुंदा_आणि_मांडे

चार वर्षं फोरमवर आहे, पहिल्यांदा कोणी चूक कबूल केलेली बघितली. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

चोर्लाघाट

थोडं अवांतर. वसाहतीच्या फलकावर भाषा कोणती ठेवता? आमच्याकडे यावरून दोन गट पडलेत. कानडी वर पाहिजे, मराठी पाहिजेच, आणि गोव्याचे तीन मालक आहेत ते म्हणतात इंग्रजी पुरे…

संपादक

सीमाप्रश्नाला वेगळा धागा आहे, 1956 पासून चालू आहे. कृपया तिकडे.

शहापूरची_सून

मी आमच्याकडे कार्यक्रम बघते, म्हणून लिहिते. लग्नांवर भांडण चाललंय पण मूळ तक्रार 'कार्यक्रम शून्य' ही आहे असं मला वाटतं. पुण्यातले भाऊ म्हणतात ते त्या बाबतीत खोटं नाही. शनिवार-रविवार आलेल्या माणसाने करायचं काय?

आम्ही सुरुवातीला गणपती बसवला. माणसंच नाहीत! चतुर्थीला ज्याला त्याला आपल्या घरचा गणपती. बेळगावातली माणसं अकरा दिवस बेळगाव सोडत नाहीत हे आमच्या अध्यक्षांच्या लक्षात कसं आलं नाही देव जाणे. दोन वर्षं सात माणसांनी आरती केली आणि चाळीस माणसांचे मोदक खाल्ले.

मग कोजागिरी धरली, ती चालली. पाऊस सरलेला असतो, हवा छान, दूध आटवायला घरटी एक भांडं. दिवाळीत पोरांचे किल्ले. त्याला बक्षीस नाही, नाहीतर आईबापच किल्ला बांधतात. नोव्हेंबरात शेंगा उकडायच्या, भाजायच्या. आणि सगळ्यात जास्त माणूस कशाला येतं माहीत आहे? रोप लावणीला. शेजारच्या शेतकऱ्याच्या चिखलात उतरायचं. तो आधी नको म्हणत होता, कारण आमच्या लोकांनी लावलेलं भात नंतर त्याच्या बायकोला पुन्हा उपटून सरळ लावावं लागायचं. आता तो एक कोपरा आमच्यासाठी सोडतो आणि त्या कोपऱ्याचे पैसे घेतो. इंद्रायणी तांदळाच्या किमतीपेक्षा जास्तच घेतो. घेऊ दे.

या सगळ्याचा वर्षाचा खर्च एका लग्नाच्या मांडवाएवढाही नाही.

टिळकवाडीकर

ताई, ते शेवटचं भारी आहे. बासमतीच्या भावात चिखल.

वटवाघूळ_मित्र

मोठ्या दिव्यांबद्दल कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. लग्न म्हणजे नुसता आवाज नाही, हॅलोजनसुद्धा. खानापूरच्या जंगलाच्या पोटात भीमगड अभयारण्य आहे, 2011 मध्ये जाहीर झालेलं, सुमारे 190 चौरस किलोमीटर. तिथल्या बारापेडे गुहांत रॉटनचं वटवाघूळ राहतं. बरीच वर्षं ते जगात फक्त याच गुहांत माहीत होतं. तुमची वसाहत अभयारण्यात नाही हे मान्य, पण गवे, अस्वलं, वटवाघळं नकाशा बघून फिरत नाहीत.

आमच्याकडे मेअखेरीला, पहिले वळीव झाले की काजवे येतात. त्या आठवड्यात रस्त्यावरचे सगळे दिवे बंद ठेवायचे असा ठराव केलाय. पहिल्या वर्षी शिव्या खाल्ल्या, आता त्याच आठवड्यात घरं भरतात. शहापूरच्या ताईंच्या यादीत हे घालायला हरकत नाही.

कुंदा_आणि_मांडे

आमच्याकडे दिवे बंद ठेवायला ठराव लागत नाही. वीज कंपनी स्वतःच काजवे महोत्सव भरवते, जून ते सप्टेंबर.

चोर्लाघाट

+1. आमचे आजोबा अजून 'केईबीवाले' म्हणतात, म्हणजे जुनं कर्नाटक वीज मंडळ. नाव बदलून वीस वर्षांवर झाली, टीसी तोच आहे.

(लाइनमनला मात्र नमस्कार. भर पावसात खांबावर चढलेला माणूस बघितला की बिलावरचा राग जातो.)

उताराकाका

सर्वांचं वाचलं. आता जरा कोरडं बोलतो. वकील नाही, पण सब-रजिस्ट्रार कचेरीच्या बाकावर आयुष्याची बरीच वर्षं गेली आहेत.

सेक्रेटरी, क्लबहाउस भाड्याने द्यायचं का हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न : ते कोणाचं आहे? उतारा काढलात का? तुमच्याकडे प्रत्येकाच्या नावावर आपापला प्लॉट असेल. रस्ते आणि उद्यानाची जागा मंजूर लेआउटमध्ये स्थानिक संस्थेकडे द्यावी लागते, म्हणजे तुमच्या बाबतीत पंचायतीकडे. ती तुमची नाही, बिल्डरचीही नाही. क्लबहाउसचा तुकडा यांपैकी कशात येतो हे लेआउटच्या नकाशावर बघा. बरेच वेळा तो बिल्डरच्याच नावावर राहून गेलेला असतो आणि दहा वर्षं मालक त्याला रंग देत बसतात.

संघाचंही तसंच. 1972 चा अपार्टमेंट ओनरशिप कायदा फ्लॅटसाठी आहे, प्लॉटच्या वसाहतीला तो बसत नाही. तुम्ही बहुधा 1960 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली असाल. दरवर्षीची सभा, कार्यकारिणीची यादी निबंधकाकडे पाठवणं, हे झालंय का? प्रकल्प 'रेरा'त (स्थावर मालमत्ता नियमन प्राधिकरणाकडे) नोंदलेला असेल तर सामायिक मालमत्ता संघाच्या नावे करून देणं ही बिल्डरची कायदेशीर जबाबदारी आहे, 2016 च्या कायद्यात तसं स्पष्ट आहे. तो गेला म्हणून जबाबदारी जात नाही.

आणि कर. सभासदांकडून वर्गणी घेऊन सभासदांवर खर्च केली तर ते आपल्याच खिशातून आपल्याच खिशात, त्याला उत्पन्न धरत नाहीत. बाहेरच्याकडून भाडं घेतलंत की ते उत्पन्न. मग हिशोबनीस आला, विवरणपत्र आलं. तलावात कोणाचं पोर बुडालं तर जबाबदार कोण, हेही लिहून ठेवा.

पुण्यातला_बेळगावी

उताराकाका, हे बिल्डरने विकताना कोणी सांगितलं असतं तर?

उताराकाका

विचारलं होतं का कोणी? तुम्ही सूर्यास्त बघत होता.

कुंदा_आणि_मांडे

काकांनी एका वाक्यात आख्खा खानापूर तालुका गुंडाळला.

सेक्रेटरी_नाइलाजाने

@उताराकाका, खरीदपत्रात 'क्लब सुविधा वापरण्याचा हक्क' असं लिहिलंय. वापरण्याचा. मालकीचा शब्द नाही. आत्ताच काढून वाचलं. पोटात गोळा आलाय. सोमवारी उतारा काढतो.

मलप्रभाकाठ

वर्गणी बाकी असलेल्यांचं काय, तेही बघा. आमच्याकडे नियमावलीत थकबाकीदाराला मत नाही असं कलम आहे. ते पहिल्यांदा वाचून दाखवलं त्या सभेत तीन जणांनी तिथल्या तिथे फोनवरून पैसे भरले.

टिळकवाडीकर

रिकाम्या प्लॉटने आणि बांधलेल्या घराने सारखी वर्गणी का भरायची, हा आमच्याकडचा वाद. रिकाम्या प्लॉटवाला म्हणतो, माझा कचरा नाही, पाणी नाही. घरवाला म्हणतो, तुझ्या प्लॉटवरचं गवत कोण कापतं, साप कोणाकडे येतो?

पुण्यातला_बेळगावी

माझा प्लॉट रिकामाच आहे. साप माझ्या नावावर लावू नका.

शहापूरची_सून

पण भाऊ, गवत कापलंत का?

पुण्यातला_बेळगावी

…दसऱ्याला येतोय.

सेक्रेटरी_नाइलाजाने

(तीन महिन्यांनी धागा वर काढतोय. सभा झाली, सांगायला पाहिजे.)

उतारा काढला. उताराकाकांचं तोंड गोड करावं लागेल : क्लबहाउस आणि तलावाची जागा अजून बिल्डरच्या नावावर. उद्यान पंचायतीकडे. म्हणजे ज्या हिरवळीवर लग्न लावायचं की नाही यावर आम्ही चार महिने भांडलो ती गावाची आहे आणि ज्या हॉलमध्ये जेवणावळ घालायची तो त्याचा आहे. सभेत हे सांगितल्यावर मिनिटभर कोणी बोललं नाही. मग सगळे एकदम बोलले.

ठरलं ते असं. बाहेरच्यांना भाड्याने देण्याचा प्रस्ताव जागा संघाच्या नावावर होईपर्यंत स्थगित. बिल्डरला नोटीस, त्यासाठी वकील. सभासदांचे स्वतःचे कार्यक्रम तोवर चालू, पण शंभर माणसांपर्यंत, डिपॉझिट आगाऊ, डीजे नाही, आणि 'भाचा' असेल तर नातं लिहून द्यायचं (मलप्रभाकाठ, ही तुमची आठवण). वार असतील ते दिवस पत्रकात पहिल्या ओळीत, त्या दिवशी वसाहतीतही खोदकाम बंद. यावर एक सभासद 'आपण का पाळायचे' म्हणाले. त्यांना रस्ता कोणाच्या गावातून जातो ते कोणीतरी आठवण करून दिलं. थकबाकी 19 वरून आठवर आली. तलावाचं काहीच ठरलं नाही, बेडूक खूश आहेत.

या वेळी मी चहाला बाहेर गेलो नाही. तरी सेक्रेटरी मीच.

उताराकाका

कुंदा चालेल. कॅम्पातला नको, आमच्या गल्लीतला.

वटवाघूळ_मित्र

दिव्यांचं?

सेक्रेटरी_नाइलाजाने

काजव्यांचा आठवडा मंजूर. एका मताने.

एक राहिलं, आणि ते मूळ प्रश्नाशीच येऊन थांबतंय. आमच्या वॉचमनच्या मुलीचं लग्न फेब्रुवारीत आहे. नऊ वर्षं तो आमच्याकडे आहे, टीसी जळाला त्या चार रात्री एकटा कंदील घेऊन फिरत होता. नव्या ठरावाप्रमाणे तो 'बाहेरचा' ठरतो. दोन सभासद म्हणतात, एकाला दिलं की पायंडा पडतो. मला काय करावं सुचेना.

पुण्यातला_बेळगावी

त्याला द्या. पायंडा पडू दे.

टिळकवाडीकर

मन मानत नाही, पण जागा बिल्डरच्या नावावर असताना कोणालाच देऊ नये हे उताराकाकांचंच म्हणणं ना?

मलप्रभाकाठ

तुमच्याच ठरावात सभासदाचा घरगुती कार्यक्रम बसतो. एखाद्या सभासदाने आपल्या नावावर घ्यावं आणि नात्याच्या रकान्यात 'मुलीसारखी' लिहावं. सभासदांत कोणी पुढे येत नसेल तर डिपॉझिट मी पाठवतो. होय, मीच तो, ज्याला लग्नं नको आहेत.

कुंदा_आणि_मांडे

अंकल, चिल. 🙂

आठवा_मैल

साहेब, एवढं भांडू नका. मी त्येला आज भेटून आलो. त्येनं दारातच मांडव घालायचं ठरवलंय, अंगण सारवायला काढलंय, गावजेवण हाय. तुमचं क्लबहाउस त्येनं मागितलेलंच नाही. फेब्रुवारीत हिरी आटायला लागतात, तेवढा एक पाण्याचा टँकर दिलासा तर बरं होईल म्हणाला. आणि तुमी सगळी जेवायला यायचं, रिकाम्या प्लॉटवाली धरून.

सेक्रेटरी_नाइलाजाने

टँकर दोन पाठवतो. किती वाजता लागेल ते विचारून ठेवा, आणि त्या दिवशी वार नाही ना तेही.